पान उभं, तक्ता आडवा: इनडिझाइनमध्ये फिरवलेल्या तक्त्याचं काम

मराठी पुस्तकं, अहवाल आणि प्रबंध यांत सगळ्यात हेळसांड होते ती रुंद तक्त्यांची. लेखक एक्सेलमधून पंधरा-वीस सेंटिमीटर रुंदीचा तक्ता पाठवतो, पानाची मजकुराची रुंदी अकरा सेंटिमीटरही नसते, आणि मग अक्षर साडेपाच पॉइंटावर आणून तो तक्ता कसाबसा कोंबला जातो. छापला जातो खरा, पण वाचला जात नाही. अशा वेळी इनडिझाइनमध्ये, म्हणजे पुस्तकाची पानं रचण्याच्या अडोबीच्या प्रणालीत, तक्ता पानावर आडवा फिरवणं हा योग्य उपाय आहे. मात्र फिरवणं ही त्यातली शेवटची आणि सर्वांत सोपी पायरी असते. त्याआधीचं मोजमाप नीट झालं असेल तरच तक्ता वाचता येतो, म्हणून या लेखातला निम्म्याहून जास्त भाग फिरवण्याआधीच्या मोजमापाचा आणि तयारीचा आहे.

उदाहरण म्हणून एक खराखुरा तक्ता घेऊ: २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातले जिल्हे. स्तंभ अकरा आहेत. अनुक्रमांक, जिल्हा, एकूण लोकसंख्या, पुरुष, स्त्रिया, लिंगगुणोत्तर, घनता, साक्षरतेचे तीन (एकूण, पुरुष, स्त्री) आणि नागरी लोकसंख्येचं प्रमाण. ओळी पस्तीस, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला आणि २०११ च्या आकड्यांत तो ठाण्यातच आहे. पुस्तकाचा आकार डेमी, म्हणजे १४० × २१६ मिमी. समास आतला २०, बाहेरचा १४, वरचा १८, खालचा २० असे धरले, तर मजकुराचा चौकोन १०६ × १७८ मिमीचा उरतो.

फिरवायचा की नाही?

वाचकाला पुस्तक हातात फिरवायला लावणं हा त्याला दिलेला त्रास आहे, म्हणून आधी दुसरे मार्ग तपासा. एखादा स्तंभ गाळता येतो का? आपल्या तक्त्यात घनता लेखाच्या मुद्द्याशी निगडित नसेल तर ती जाऊ शकते. ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल करता येते का? चार ओळी आणि बारा स्तंभ असतील तर बारा ओळी आणि चार स्तंभ करा, प्रश्न तिथेच मिटतो. एका तक्त्याचे दोन तक्ते होतात का? लोकसंख्या एका तक्त्यात आणि साक्षरता दुसऱ्यात, असं पुष्कळदा जास्त वाचनीय होतं.

समोरासमोरच्या दोन पानांवर उभाच तक्ता पसरवणं हा मार्ग मात्र मी सहसा सुचवत नाही. शिवणीत ओळ तुटते, घडीत पानं एकदीड मिलिमीटरने वरखाली झाली की डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीशी जुळत नाही, आणि सांगलीचा आकडा साताऱ्यासमोर दिसायला लागतो.

आपल्या तक्त्यात प्रत्येक जिल्ह्याचे सगळे आकडे एका नजरेत दिसणं गरजेचं आहे असं धरू. मग रुंदीचा हिशेब करा.

आधी कागदावर मोजा

देवनागरीसाठी तक्त्यातलं अक्षर साडेआठ पॉइंटांच्या खाली नेऊ नका. रोमन अक्षर सातवर चालून जातं. देवनागरीत वर वेलांट्या, मात्रा आणि रफार, खाली उकार, असं सगळं त्याच उंचीत बसवायचं असतं, त्यामुळे अक्षराचं मुख्य अंग आधीच लहान दिसतं. ओळींतलं अंतर ११.५ पॉइंट ठेवा, म्हणजे साधारण ४ मिमी. चौकटीत वर-खाली ०.७ मिमी मोकळीक दिली की एक ओळ साडेपाच मिमीची होते.

आता स्तंभांची रुंदी. ती मथळ्यावरून (स्तंभाच्या नावावरून) ठरवू नका, त्या स्तंभातल्या सगळ्यात लांब मजकुरावरून ठरवा. इथे बहुतेकांची नजर ठाणे जिल्ह्याच्या १,१०,६०,१४८ वर जाते, कारण जिल्ह्यांत तोच आकडा मोठा आहे. पण तक्त्याच्या शेवटी राज्याची बेरीज येणार आहे: ११,२३,७४,३३३. एक अंक जास्त, शिवाय बेरीज ठळक टाइपात. म्हणून हा आकडा ठळक करून, पक्क्या फाँटमध्ये टाइप करून मोजा. त्या हिशेबाने एकूण लोकसंख्येला २० मिमी, पुरुष व स्त्रिया यांना प्रत्येकी १८, उरलेल्या सहा आकडेवारी स्तंभांना प्रत्येकी १४.५, अनुक्रमांकाला ७ आणि जिल्ह्याच्या नावाला २८ मिमी द्या. बेरीज बरोबर १७८ येते. उभ्या पानाची १०६ मिमी रुंदी कुठल्याच कसरतीने पुरणार नाही, आडव्या पानाची १७८ पुरते. निर्णय झाला.

आता उंची, जी फिरवल्यावर फक्त १०६ मिमी उरते. शीर्षकाच्या दोन ओळी आणि खालची जागा ११ मिमी. दोन मजली मथळा १४ मिमी. तळाला टीपेसाठी ६ मिमी. उरले ७५ मिमी, म्हणजे साडेपाचच्या तेरा ओळी. पस्तीस जिल्हे आणि बेरजेची एक ओळ धरून तीन पानं लागतील.

आणि इथे नुसतं भागाकार करून तेरा-तेरा-दहा असं तोडू नका. महसुली विभाग बघा: कोकण ६, पुणे ५, नाशिक ५, औरंगाबाद ८, अमरावती ५, नागपूर ६. पहिल्या पानावर कोकण आणि पुणे मिळून अकरा, दुसऱ्यावर नाशिक आणि औरंगाबाद मिळून तेरा, तिसऱ्यावर अमरावती, नागपूर आणि बेरीज मिळून बारा. एकही विभाग तुटत नाही. प्रत्येक तक्त्यात असा सांधा सापडतोच असं नाही, पण शोधायला हवा. विभागांच्या नावांसाठी वेगळ्या ओळी घातल्या तर दुसऱ्या पानावर पंधरा ओळी होतात आणि त्या बसत नाहीत. त्यामुळे विभागाचं नाव पानाच्या शीर्षकात घ्या आणि दोन विभागांमध्ये जरा जाड रेघ द्या.

मजकूर आत घेणं

एक्सेलची फाइल 'फाइल' मेनूतल्या 'प्लेस'ने घ्या आणि 'शो इम्पोर्ट ऑप्शन्स'वर खूण करा. पुढच्या खिडकीत 'अनफॉरमॅटेड टेबल' निवडा. एक्सेलमधले रंग, फाँट आणि रेघा इनडिझाइनमध्ये आल्या की त्या उपसत बसण्यातच वेळ जातो.

फाइल युनिकोडपूर्व फाँटमधली (युनिकोड येण्याआधीच्या, स्वतःची वेगळी अक्षरयोजना असलेल्या फाँटमधली) असेल तर आधी तिचं युनिकोडमध्ये रूपांतर करा, आणि रूपांतरानंतर आकडे स्वतंत्रपणे तपासा. त्या फाँटांमध्ये रोमन (0 ते 9) अंकांच्या जागीच देवनागरी अंकांची चित्रं बसवलेली असतात, त्यामुळे रूपांतरात अक्षरं देवनागरी आणि अंक रोमन असं निघणं नेहमीचं आहे. अंक देवनागरी करायचे असतील तर 'फाइंड/चेंज'मध्ये ० ते ९ असे दहा बदल करा, आणि शोधाची कक्षा 'डॉक्युमेंट' नव्हे तर 'स्टोरी' ठेवा. नाहीतर ग्रंथसूचीतले आयएसबीएन क्रमांकही बदलून जातील.

जोडाक्षरं तुटलेली दिसली, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडलेली दिसली, तर फाँटला दोष देण्याआधी कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवून ओळ बसवणारी यंत्रणा, बघा. परिच्छेद शैलीत 'जस्टिफिकेशन' विभागात 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडलेला हवा. पुस्तकाच्या मजकुराला तो लावलेला असतो, पण नव्या तक्त्यातल्या चौकटी 'बेसिक पॅराग्राफ' शैली घेऊन येतात आणि तिथे जुनाच कंपोझर राहतो. तक्त्यासाठी तीन परिच्छेद शैली वेगळ्या करा: मथळा, नाव, आकडा. तिन्हींत हा कंपोझर लावा, शब्दतोड बंद करा. आकडे उजवीकडे टेकवा. टक्केवारी सगळीकडे दोन दशांश स्थळांपर्यंत असेल तर उजवीकडे टेकवल्यावर दशांश चिन्हं आपोआप एकाखाली एक येतात.

तक्ता सरळच बांधा

इनडिझाइनच्या दृष्टीने तक्ता हा मजकुरात बसलेला एक घटक आहे. त्यामुळे तक्ता स्वतः फिरवता येत नाही, तो ज्या मजकुराच्या फ्रेममध्ये आहे ती फ्रेम फिरवावी लागते. म्हणून पानाबाहेरच्या मोकळ्या जागेत १७८ मिमी रुंद आणि ८८ मिमी उंच अशा तीन फ्रेम काढा, त्या एकमेकींना जोडा, आणि तक्ता त्यांत वाहू द्या. शीर्षकासाठी वर आणि टीपेसाठी खाली वेगळ्या फ्रेम. शीर्षक तक्त्याच्या पहिल्या ओळीत टाकण्याचा मोह होतो, पण आपल्याला प्रत्येक पानावर वेगळं शीर्षक हवं आहे: 'तक्ता ३ (पुढे चालू): नाशिक व औरंगाबाद विभाग'.

मथळ्याच्या दोन ओळी निवडून त्यांना 'हेडर रोज' करा आणि 'टेबल ऑप्शन्स'मध्ये 'वन्स पर फ्रेम' ठेवा, म्हणजे प्रत्येक पानावर मथळा येईल. वरच्या ओळीत 'साक्षरता (टक्के)' हे तीन स्तंभांवर एकत्र करा, खालच्या ओळीत 'एकूण', 'पुरुष', 'स्त्री'.

पान कुठे तुटायचं ते इनडिझाइनवर सोपवू नका. नाशिकच्या ओळीत कर्सर ठेवा, 'सेल ऑप्शन्स'मधलं 'रोज अँड कॉलम्स' उघडा आणि 'स्टार्ट रो'मध्ये 'इन नेक्स्ट फ्रेम' निवडा. अमरावतीच्या ओळीलाही तेच करा. उद्या लेखकाने टीप वाढवली किंवा नाव दोन ओळींचं झालं तरी विभाग फुटणार नाहीत. ओळीची उंची 'अ‍ॅट लीस्ट' ठेवा. 'एक्झॅक्टली' ठेवली आणि मजकूर बसला नाही तर तो चौकटीतून नाहीसा होतो, मागे फक्त एक लाल ठिपका राहतो.

मथळ्यांबद्दल एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. 'सेल ऑप्शन्स'मध्ये चौकटीतला मजकूर उभा करण्याची सोय आहे, आणि अरुंद स्तंभांवर 'लिंगगुणोत्तर' उभं लिहायची इच्छा होते. फिरवलेल्या तक्त्यात ते करू नका. वाचकाने पुस्तक एकदा फिरवलेलं असतं. आता मथळा वाचायला त्याला ते पुन्हा फिरवावं लागेल, आणि पान उभं धरलं तर तोच मथळा एका दिशेने उलटा दिसेल. शिवाय देवनागरीची शिरोरेघ उभी झाली की शब्द ओळखायला वेळ लागतो. त्यापेक्षा 'लिंग-' वर आणि 'गुणोत्तर' खाली असं दोन ओळींत लिहा, आणि 'दर हजार पुरुषांमागे स्त्रिया' हा खुलासा टीपेत द्या.

टीपा हाताने, ताऱ्याच्या खुणेने करा आणि शेवटच्या पानावर तक्त्याखाली ठेवा. आपल्या तक्त्यात त्या लागतीलच: औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर ही जनगणनेच्या वेळची नावं आहेत, आज हे जिल्हे छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर आहेत. पालघरचा खुलासाही इथेच.

रेघा कमी ठेवा. उभ्या रेघा बहुधा लागतच नाहीत. आडव्यांपैकी मथळ्याच्या वर-खाली, विभागांच्या मध्ये आणि शेवटी, एवढ्या पुरतात. जाडी पाव पॉइंटाच्या खाली नको, छपाईत ती तुटते. १७८ मिमी लांब ओळीवर नजर घसरू नये म्हणून एकाआड एक ओळीला दहा-बारा टक्के काळ्याची छटा द्या, ती 'टेबल ऑप्शन्स'च्या 'फिल्स'मध्ये एकदाच ठरवता येते.

आता फिरवा, आणि दिशा चुकवू नका

शीर्षक, तक्ता आणि टीप यांच्या फ्रेम पानागणिक एकत्र करून गट बनवा. गट निवडा, संदर्भबिंदू मध्यावर ठेवा, आणि कंट्रोल पॅनेलमध्ये कोन ९० द्या. इनडिझाइनमध्ये धन कोन घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, त्यामुळे तक्त्याचा माथा पानाच्या डाव्या कडेला जातो. हीच पुस्तकांतली रूढ दिशा आहे, आणि ती डाव्या-उजव्या दोन्ही पानांवर तीच ठेवायची.

बरेच जण डावं पान एका दिशेने आणि उजवं पान दुसऱ्या दिशेने फिरवतात, दोन्हीकडे माथा बाहेरच्या कडेला यावा म्हणून. पडद्यावर ते सममित आणि सुंदर दिसतं. पण हातात पुस्तक घेऊन बघा. माथा दोन्ही पानांवर डावीकडे असेल, तर पुस्तक घड्याळाच्या दिशेने एकदा फिरवल्यावर डावं पान वर येतं, उजवं पान खाली येतं, आणि तक्ता वरून खाली सलग वाचता येतो. दिशा वेगवेगळ्या असतील तर उजवं पान वाचायला पुस्तक पूर्ण उलटं धरावं लागतं.

याच कारणाने अनेक पानी आडवा तक्ता सम क्रमांकाच्या, म्हणजे डाव्या पानावर सुरू करा. आपला तक्ता ४४, ४५ आणि ४६ वर बसवला, तर ४४ आणि ४५ समोरासमोर येऊन चोवीस जिल्हे एकाच दृष्टिक्षेपात मिळतात. ४३ वर सुरू केला तर वाचकाला पहिल्याच खंडानंतर पान उलटावं लागतं.

एक धोका लक्षात ठेवा. उजव्या पानावर माथा डावीकडे म्हणजे शिवणीकडे जातो, आणि परफेक्ट बाइंडिंगचं (कण्याला गोंदाने चिकटवलेलं) पुस्तक पूर्ण उघडत नाही. शीर्षक आणि मथळा नेमका तिथे दबतो. आतला समास २० मिमीपेक्षा कमी असेल, तर विषम पानावरचा तक्ता दोन-तीन मिमी बाहेर सरकवा. नेमक्या जागी बसवायला अलाइन पॅनेलमध्ये 'अलाइन टू मार्जिन्स' निवडा. डाव्या-उजव्या पानांचे समास उलटसुलट असतात, ते त्यात आपोआप सांभाळलं जातं.

फिरवल्यानंतर दुरुस्त्या येणारच. मान वाकडी करून टाइप करण्याची गरज नाही: 'व्ह्यू' मेनूत 'रोटेट स्प्रेड', त्यात '९०° सीडब्ल्यू'. जोडपान पडद्यावर आडवं होतं, तक्ता सरळ दिसतो. छपाईवर किंवा पीडीएफवर याचा परिणाम होत नाही, फक्त दृश्य फिरतं. पेजेस पॅनेलमध्ये त्या पानांपाशी फिरवल्याची छोटी खूण दिसते. काम झालं की 'क्लिअर रोटेशन'. ही सोय सीएस४ या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून आहे.

पान क्रमांक, शिरोमजकूर आणि बाकीचं पुस्तक

पान क्रमांक तक्त्याबरोबर फिरवू नका. तो इतर पानांवर जिथे आहे तिथेच, उभा राहू द्या, कारण अनुक्रमणिका बघून पान शोधणारा वाचक पुस्तक सरळ धरूनच पानं चाळतो. पानाच्या माथ्यावर प्रकरणाचं नाव येत असेल तर ते या पानांवरून काढा. त्यासाठी एक वेगळं पॅरेंट पेज, म्हणजे पानांचा सामायिक साचा, करून ठेवा (२०२२ च्या आवृत्तीआधी यालाच मास्टर पेज म्हणत) आणि त्यात फक्त क्रमांक ठेवा.

मुख्य मजकुराची साखळी तक्त्याच्या पानांना जोडू नका. ती ४३ वरून थेट ४७ वर जाऊ द्या. मजकुरात 'पुढील तक्त्यात' किंवा 'खालील तक्ता' असं लिहिलं असेल तर लेखकाच्या संमतीने 'तक्ता ३' करा. आडवा तक्ता उल्लेखाच्या पानावरच येईल याची खात्री नसते.

स्क्रायबस (पानं रचण्याची मोफत प्रणाली) वापरणाऱ्यांनी १.६ किंवा त्यानंतरचीच आवृत्ती घ्यावी. जुन्या १.४ मध्ये देवनागरी जोडाक्षरं बसत नाहीत. तिथे तक्ता आपोआप पुढच्या पानावर वाहत नाही, त्यामुळे तीन पानांसाठी तीन स्वतंत्र तक्ते करायचे. दिशेचे नियम तेच.

वर्डमध्ये प्रबंध करणाऱ्यांसाठी: तक्त्याच्या आधी आणि नंतर 'नेक्स्ट पेज' प्रकारचा सेक्शन ब्रेक घाला, मधल्या भागाचं ओरिएंटेशन लँडस्केप करा, आणि हेडर-फूटरमधलं 'लिंक टू प्रीव्हियस' बंद करा. ते मधल्या भागातही बंद करा आणि त्याच्या पुढच्या भागातही, नाहीतर पुढच्या सगळ्या पानांची रचना बिघडते. बांधणीच्या वेळी आडव्या पानाचा माथा शिवणीकडे यायला हवा, हे बाइंडरला लेखी कळवा.

तपासणी आणि पीडीएफ

छपाईआधी चुका दाखवणारं प्रीफ्लाइट पॅनेल हिरवं आहे का ते बघा, मग प्रत्येक चौकटीत लाल ठिपका शोधा. आकड्यांची तपासणी बेरजेने करा. पुरुष ५,८२,४३,०५६ आणि स्त्रिया ५,४१,३१,२७७ मिळून ११,२३,७४,३३३ यायलाच हवेत. प्रत्येक जिल्ह्याला हीच कसोटी लावा, इनडिझाइनमधून तक्ता परत एक्सेलमध्ये चिकटवून. एखादा अंक गळला असेल तर तो इथे सापडतो, नुसत्या वाचनात सापडत नाही.

त्यानंतर तिन्ही पानं पाठपोट, प्रत्यक्ष आकारात छापा, डेमीवर कापा, शिवणीच्या बाजूला टाचा आणि फिरवून वाचा. शिवणीतला मथळा दिसतो का आणि माथा दोन्हीकडे एकाच बाजूला आहे का, हे पडद्यावर शंभरदा बघूनही जितकं कळत नाही तितकं या तीन पानांतून कळतं.

छापखान्याला जाणाऱ्या पीडीएफमध्ये सगळी पानं उभीच राहिली पाहिजेत. एकही पान फिरवलेलं असेल तर फर्मा लावताना (मोठ्या कागदावर पानं मांडताना) गोंधळ होतो. पडद्यावर वाचण्यासाठी मात्र दुसरी प्रत काढा आणि अ‍ॅक्रोबॅटच्या 'ऑर्गनाइज पेजेस'मध्ये फक्त ती तीन पानं घड्याळाच्या दिशेने फिरवा, कारण संगणकाचा पडदा कोणी उचलून आडवा करत नाही. दोन्ही फाइलींच्या नावातच 'छपाई' आणि 'पडदा' असं लिहून ठेवा, म्हणजे घाईत चुकीची प्रत छापखान्यात जाणार नाही.